बटेरांना कूलर

मे महिन्यात धुळ्यात अंडी उबवायला बसलेला माणूस पाहिला नसेल, तर माझ्याकडे बघून घ्या. यूट्यूब बघून मी बटेरची अंडी आणली, थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि वर बल्ब लावला. बायको म्हणाली, "इथं माणसं उबून निघालीत, अंड्यांना बल्ब कशाला?"

खरंच, बल्ब बंद केला तरी खोक्यातल्या थर्मामीटरचा काटा चाळिसाच्या खाली येईना, आणि अंड्यांना हवे साडेसदतीस. मग मी नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, पत्र्याच्या खोलीतला कूलर उचलला आणि आमच्या खोलीत अंड्यांपुढे लावला.

दुपारी नाना दारात. "मना कूलर कथा गया रे?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं.

"अंडास्ले कूलर आन बापले पंखा? वा रे भो!" असं म्हणून त्यांनी आपली खाट आणली आणि आमच्याच खोलीत कूलरसमोर टाकली. आम्ही दोघं गच्चीवर झोपायला गेलो. म्हटलं, पिल्लं निघेपर्यंतच तर आहे.

पिल्लं निघाली, सुपारीएवढी. पण कूलरच्या वाऱ्यानं कुडकुडून एकमेकांवर चढायला लागली. मी म्हणालो, "नाना, कूलर बंद करावा लागेल. यांना ऊब पाहिजे."

नानांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मंग त्यास्ले मनी पत्रानी खोलीमा धाड. तठे ऊबच ऊब शे."

पिल्लं तिथं टुणटुणीत झाली, मोठी होऊन विकलीही गेली. आम्ही अजून गच्चीवरच आहोत. आणि नाना रोज कूलरसमोरून विचारतात, "आते पुढला अंडा कव्हय आनस?"