अकोल्याहून परत येणारं नाव

(दुपार. देवानंद अमरावतीच्या ऑफिसात, त्याची वहिनी गीतांजली अकोल्याच्या. दोघं फोनवर.)

देवानंद – वैनी, ते नाव परत आलं.

गीतांजली – कोणतं?

देवानंद – किशोर. काल डीएनएसच्या सेटिंगमधून, कोणत्या नावाची मशीन कोणत्या पत्त्यावर ते जिथं लिहिलं राहते तिथून, माह्या हातानं काढलं. आज पाह्यतो तं जिथल्या तिथं.

गीतांजली – सेव्ह केलं होतं ना?

देवानंद – केलं होतं. खरं सांगू, अंगावर काटा आला. दादाले जाऊन वर्ष झालं, अन् हा स्क्रीनवर येऊन बसला.

गीतांजली – तसं काही नाही, भाऊजी. तुमची मशीन माह्या मशीनची नक्कल उतरवते. तुमी तिथं कितीबी पुसा, ते नाव इथून परत तिथं जाईन.

देवानंद – म्हणजे तुमाले माहीत होतं.

गीतांजली – हो.

देवानंद – मंग काहून नाही काढलं? एक बंद पडली तं दुसरी चालावी म्हणून दादानं दोन मशीनी ठेवल्या. अकोल्याचीले हौसेनं सोताचं नाव देलं. पण ते मशीन जळाली, वैनी, नवी बसवली तिचा पत्ता वेगळा. जुन्या पत्त्यावर आता कोणी नाही. भाजीचे भाव पाहाले लोक फोनवर आपली साइट उघडतात, अर्धे किशोरकडे जातात अन् थांबूनच राहतात. भातकुलीच्या माणिकबाई सकाळपासून विचारून राहिल्या, वांगे तोडू का नको म्हणून.

गीतांजली – दिसते मले. माह्या स्क्रीनवर दिवसभर दिसते. इथून तिथून लोकं किशोर, किशोर विचारून राहिले. कोणी तरी हाक मारून राहिलं, असं वाटते.

देवानंद – उत्तर कुठं येते पण?

गीतांजली – मूर्तिजापूरजवळ तुमच्या दादाची गाडी ठोकली त्या दिवशी मी फोन लावतच होती. रिंग जाये. रिंग जाते तोवर माणूस आहे असंच वाटते, भाऊजी.

देवानंद – मी येतो अकोल्याले. मी काढतो.

गीतांजली – नको.

देवानंद – वैनी?

गीतांजली – थांबा.

देवानंद – वैनी, आहा ना?

गीतांजली – काढलं. नव्या मशीनचा पत्ता टाकला. नाव नुसतं अकोला ठेवलं. पाहा बरं तुमच्याकडे.

देवानंद – हो, उतरलं. किशोर नाही आता. माणिकबाईले भाव दिसन ना?

गीतांजली – लगेच नाही. लोकायच्या फोनात जुनं नाव अजून आहे. ते हळूहळू विसरतीन.

देवानंद – किती वेळ लागन?

गीतांजली – तासभर. तोवर फोन ठेवू नका, भाऊजी.