कॅचरचा हात

१९६४ साली नवऱ्याच्या बदलीमुळे जयपुरात आलेली जयंती बसच्या रांगेत तिलक नगरच्या थांब्यावर उभी होती. मागून अचानक मराठी कानावर पडलं आणि तिने कान टवकारले. सॉफ्टबॉल खेळून परतणारी एक मुलगी मैत्रिणीला सामन्याची हकिकत सांगत होती.

“शेवटचा डाव होता गं. आपली शैला दुसऱ्या बेसकडे पळाली. तिला बाद करायला बॅटरच्या मागे बसलेली त्यांची कॅचर चेंडू फेकणार, तेवढ्यात बॅटिंग करणारी आपली शुभदा कॅचरच्या आड आली.”

“मुद्दाम?”

“छे! तोल गेला तिचा. पण अंपायर मोघेबाईंनी लगेच हात वर केला. शुभदा बाद, डाव खलास!”

“मोघेबाई? मतलब, तिची आई?”

“सख्खी आई! शुभदा म्हणाली, मी मुद्दाम नाही केलं. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे मला, पण कॅचरचा हात अडला ना?”

“बाप रे! आणि आपण हरलो?”

“हरलो. अख्खं मैदान ओरडत होतं, बाई जागच्या हलल्या नाहीत.”

“शुभदा रडली असेल.”

“नाही गं. बॅट खाली ठेवून आधी कॅचरकडे गेली. म्हणाली, लागलं तर नाही ना तुला?”

जयंतीला राहवेना. ती मागे वळली.

“मोघेबाई कुठे राहतात गं? माझ्या मुलीला त्यांच्याकडे खेळ शिकायला पाठवायचंय.”