हजाराला एक उंट कमी

…आणि म्हणतो कसा, "शंकरराव, उंट आहे का?" आता तुम्हीच सांगा! सकाळचे साडेसात, माणूस तोंडात ब्रश धरून दार उघडतो आणि समोर हा उभा! साखर माग, विरजण माग, शिडी माग, मी कधी नाही म्हटलंय? पण उंट? वसईच्या पापडीत? तिसऱ्या मजल्यावर? मी म्हटलं, सुधाकर, बाबा रे, बरं आहे ना सगळं? तर म्हणे, "बरं कुठलं, अजून पन्नास कमी आहेत, शंकरराव!"

तुम्हाला सांगतो, गेलं वर्षभर मी हेच ऐकतोय. अजून आठशे कमी आहेत, शंकरराव. अजून दोनशे कमी आहेत, शंकरराव. लोकांना वाटतं हा माझ्याकडे कर्ज मागतोय! आमच्या वॉचमनने तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, देऊ नका, परत येणार नाहीत."

आता हा सुधाकर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा. वय वर्षं छप्पन्न, अंधेरीला औषधांच्या गोडाऊनमध्ये नोकरी, आणि स्वभाव इतका गरीब की रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले तरी हाच त्याला सॉरी म्हणेल. घरात मीरावहिनी आणि एकुलती एक पोरगी, ज्ञानदा. पोरगी कॉम्प्युटर शिकली आणि गेली बंगळुरूला नोकरीला. सगळ्यांच्याच जातात हो. पण जायच्या आधी ही बया एक खोका घेऊन आली. खोक्यात काय? तर अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक! पाच हिचे, पाच बापाचे. जेवणाच्या टेबलावर मांडायचे, टेपने मोजून मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण मेला ते एका जाडजूड पुस्तकात बघायचं. मेलं कोण हे कळायला पुस्तक! पण दर रविवारी बापलेक बसायचे, आणि वरून आमच्या छतावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज, आणि हिचं ओरडणं, "पप्पा, चीटिंग! तुम्ही टेप वाकडी धरली!" आणि ह्याचं हसणं… मी म्हणायचो, काय कटकट आहे! ती गेल्यावर रविवारी छत असं गप्प झालं ना, की मलाच करमेना.

तर जाताना रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "पप्पा, मी तिकडे माझं सैन्य वाढवते. तुम्ही इकडे तुमचं वाढवा. दोघांचे हजार हजार पॉइंट झाले की मी येते आणि आपण एक मोठी लढाई खेळू." म्हणजे काय, की त्या खेळात प्रत्येक बाहुलीला पॉइंट असतात. साध्या शिपायाला चाळीस. ह्याचे पाच शिपाई, झाले दोनशे. राहिले किती? आठशे! पोरगी लाडाने बोलून गेली, पण ह्याने ते काळजावर कोरून ठेवलं. हजार झाले की येणार. दुसरं काही ह्याच्या डोक्यात शिरेचना.

बरं, घे ना मग विकत! तर नाही. मी स्वतः ह्याच्याबरोबर मुंबईला असल्या बाहुल्यांच्या दुकानात गेलो होतो. पाच बाहुल्यांचा एक डबा, आणि किंमत आमच्या सोसायटीच्या तीन महिन्यांच्या मेंटेनन्सएवढी! वर रंग नाही लावलेला! जोडून पण नाही देत! हात वेगळे, पाय वेगळे, डोकी वेगळी, घरी जा आणि चिकटवा. मी दुकानातल्या पोराला विचारलं, अरे, एवढ्या पैशात जिवंत मिळेल की रे शिपाई! सुधाकरने तो डबा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, परत जागेवर ठेवला, आणि ठेवताना तोंड बरोबर पुढे करून ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणतो, "घरच्या खेळात काहीपण उभं केलेलं चालतं म्हणते ज्ञानदा. फक्त उंची बघायची. आपण स्वस्तात करू." आपण! हा आपण कधी झाला मला कळलंच नाही.

आणि मग जे सुरू झालं! टेकड्या पाहिजेत म्हणून फ्रिजचा थर्माकोल. झाडं पाहिजेत म्हणून राजोडीच्या समुद्रावर जाऊन सुरूच्या काड्या आणि फळं पिशवी भरून आणली. लोक राजोडीला भजी खायला जातात, आम्ही वाळू चाळायला! सैनिकांच्या पायाखाली माती दाखवायला चहाचा चोथा. गॅलरीत वर्तमानपत्रावर चोथा वाळत घातलेला, आणि मीरावहिनी माझ्याकडे येऊन, "भाऊजी, तुम्हीच सांगा ह्यांना! कुरडया वाळवल्या असत्या तर चार माणसांनी खाल्ल्या तरी असत्या!" त्यांची नेलपॉलिश गेली चिलखतांना. ज्ञानदाचा डोळे रंगवायचा ब्रश मागे राहिला होता, त्याने ह्याने शिपायांचे डोळे रंगवले. काम झालं की तो ब्रश धुवायचा, पुसायचा आणि तिच्या ड्रॉवरमध्ये होता तिथेच ठेवायचा. रोज! मी म्हटलं, इथेच ठेव की टेबलावर. तर म्हणे, "तिचा आहे. आल्यावर शोधेल."

दिवाळीला येते म्हणाली होती. नाही आली. ऑफिसात काहीतरी काम निघालं. सुधाकर फोनवर, "हो हो, असू दे बेटा, कामं आधी," आणि फोन ठेवून दहा मिनिटं चष्माच पुसत बसला. आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, "शंकरराव, बरंच झालं. नाहीतरी अजून आठशे कमीच होते."

आणि भाऊबीज झाल्यावर माझ्या बनियनची बाही धरून, "चला तुळिंजच्या बाजारात!" का? तर किल्ल्याचे मावळे! दिवाळी संपली की किल्ले मोडतात, आणि बाजारात उरलेले मातीचे मावळे कवडीमोलाने मिळतात. तो बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत हा छप्पन्न वर्षांचा बाप्या खाली उकिडवा बसून मावळे निवडतोय. कुणाला नाक नाही, कुणाची तलवार अर्धी. ती विकणारी बाई म्हणते, "नातवासाठी का?" हा म्हणतो, "नाही, लेकीसाठी." "केवढी आहे?" "सव्वीस." त्या बाईने दोन मावळे फुकट दिले हो! दया आली असणार. महाराजांची मूर्तीही होती तिच्याकडे. मी म्हटलं, ही घे, ह्यांचे तर हजार एकट्याचे! तर कानाला हात लावून म्हणतो, "महाराजांना पॉइंट लावायचे? जीभ झडेल, शंकरराव!"

घरी येऊन बघतो तर घोळ! प्लास्टिकचा शिपाई अंगठ्याएवढा आणि मावळा चांगला वीतभर! शेजारी उभा केला तर शिपाई त्याच्या गुडघ्याला. मी म्हटलं, बोंबला! पण हा पुस्तक उघडून बसला, आणि एकदम ओरडला, "सापडलं! ह्या उंचीचे असतील तर राक्षस धरायचे!" आमचे मावळे आणि राक्षस! वाट बघतील पण सूड घेतील हो ते. पण पंधरा राक्षस, मोडकेतोडके म्हणून शिपायाच्याच भावाने चाळीस चाळीसचे, झाले सहाशे. आधीचे दोनशे. आठशे! तो आनंदाने मला पेढा देतो आणि म्हणतो काय? "अजून दोनशे कमी आहेत, शंकरराव!"

आता दोनशेसाठी कुठे जायचं? तर बर्थामावशीकडे. आमच्या मागच्या वाडीत जुनं घर आहे ना, केळीच्या बागेतलं, ते बर्थामावशींचं. दर नाताळला त्यांनी मांडलेला येशूजन्माचा गोठा बघायला अर्धी पापडी येते. बाळ, मारिया, मेंढरं, आणि ते तीन राजे, बाळाला भेटी घेऊन येतात ते. चांगले वीतभर उंचीचे, झब्बेबिब्बे, मुकुट, काय रुबाब! एका राजाचा हात मात्र तुटलेला. हा गेला आणि म्हणाला, "मावशी, मी हात बसवून देतो, रंगही नवा लावतो. फक्त नाताळात ज्ञानदा येतेय, तेवढी एक लढाई ह्यांना माझ्याकडून लढू द्या." मी मनात म्हटलं, आता खातोय हा शिव्या! देवाच्या दारी निघालेल्या राजांना लढाईला नेतो! पण मावशी काय म्हणाल्या माहितीये? "ने की. राजे नाताळला कुठे लागतात? ते त्यांच्या सणाला, सहा जानेवारीला पोचतात. तोवर वाटेवरच असतात. मी दरवर्षी त्यांना पलीकडच्या खिडकीत ठेवते आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवते. यंदा तुझ्या घरावरून येतील."

झालं! तीन राजे, पन्नास पन्नासचे, दीडशे. एकूण साडेनऊशे. आणि तेव्हाच तो माझ्या दारात आला, त्या दिवशी, ब्रश माझ्या तोंडात. उंटाचे पन्नास!

आता लपवून काय करू, उंट आहे माझ्याकडे. शोकेसमध्ये. लाकडी, त्या राजांच्याच उंचीचा, पाठीवर आरशांची झूल. जैसलमेरला घेतलेला. आमच्या हिने घेतलेला, तासभर घासाघीस करून. ती तिची शेवटची सहल. त्यानंतर ती शोकेस मी कपडा मारायलासुद्धा उघडत नाही. सुधाकरला माहीत होतं की हो, त्याला दिसत होता तो माझ्या खांद्यावरून! पण तो 'तो उंट द्या' असं म्हणाला नाही. "उंट आहे का?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं," आणि जिना चढून गेला. दिवसभर मला चहा गोड लागला नाही.

आणि नाताळला काय? परत नाही आली. "पप्पा, रजा कॅन्सल झाली यार. पण दहा जानेवारी पक्कं! शनिवारी येते, रविवारी जाते." दहा! आणि राजे सहाला पोचवायचे! सुधाकर पाच तारखेला राजांना वर्तमानपत्रात गुंडाळत बसला होता. प्रत्येकाचं तोंड पुसत होता. म्हणाला, "असू दे. शब्द दिलाय मावशींना. आठशेचीच खेळू. मोठी पुढच्या वेळी." आणि मग हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी येईल ना हो ती?"

मी त्याच्याबरोबर गेलो मावशींकडे. मावशींनी कागद सोडलासुद्धा नाही. त्यांचा मुलगा हिलरी कॅनडाला असतो, दोन वर्षं झाली, येतो येतो म्हणतोय. त्या म्हणाल्या, "घेऊन जा परत. ज्यांची वाट बघतो ते उशिराच येतात रे. यंदा राजांनाही उशीर झाला म्हणते मी." मग काय, सहा तारखेला शेजारची फेलिशिया आली बघायला, "अगं बर्था, सण आज, राजे कुठे?" तर मावशी शांतपणे, "वसई फाट्याला अडकलेत. हायवेला ट्रॅफिक आहे." आणि फेलिशियाने मान डोलावली हो! पटलं तिला!

त्या पाच तारखेला मी मावशींकडून घरी आलो. शोकेस उघडली. काय करता? ती बाई गोठा पाच दिवस जास्त मांडून ठेवते आणि मी एक उंट धरून बसू? पुसला, झूल नीट केली आणि वर नेऊन टेबलावर ठेवला. सुधाकरने बघितलं. माझा हात धरला आणि सोडेचना, शेवटी मीच म्हटलं, अरे, मोज तरी! त्याने मोजले. दोनदा मोजले. हजार!

आणि आली हो ती! खरोखर आली! शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मांडलं ते चार तास चाललं. मावळे एकीकडे, राजे मध्ये, उंट डावीकडे. ज्ञानदा बॅगेतून आपलं हजाराचं सैन्य काढता काढता बघतच राहिली. "पप्पा, सिरियसली? ह्या राजाच्या हातात कुऱ्हाड आहे!" तुटलेल्या हाताच्या जागी ह्याने बाहुल्यांच्या खोक्यातला उरलेला एवढासा हात चिकटवला होता! हसून हसून पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग छत्तीस वेळा टेप वाकडी, छत्तीस वेळा "चीटिंग!" मी खुर्चीत बसून नुसता ऐकत होतो. जिंकली तीच. माझा उंट शेवटपर्यंत उभा होता, हे मात्र लिहून ठेवा.

रविवारी राजे मावशींकडे पोचले. मावशींनी ती कुऱ्हाड बघितली. "हा बाळाला बघायला आलाय का भांडायला?" सुधाकर म्हणाला, बदलून देतो. "राहू दे," म्हणाल्या, "लांबचा रस्ता, हातात काहीतरी पाहिजेच."

आणि दुपारी रिक्षा आली. बॅग ठेवली. ज्ञानदा म्हणते, "काय पप्पा, झाले की तुमचे हजार! कलेक्शन पूर्ण!" आणि सुधाकरचा चेहरा असा पडला म्हणता! मला तेव्हा कळलं. वर्षभर हजार हजार करत होता, पण हजार झाल्यावर काय, ह्याचा विचारच केला नव्हता बिचाऱ्याने! आणि मग, आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, घसा खाकरून म्हणतो, "नाही गं… मी पॉइंट जुन्या यादीने मोजले. नवीन यादी आली ना… तिच्यात आठशेच भरतात."

नवीन यादीबिदी काही नाही हो! ते पुस्तक ह्याने मला चार वेळा वाचायला लावलंय, मला पाठ आहे! तिलाही माहीत. तिने माझ्याकडे बघितलं. मी रिक्षाचं टायर बघत उभा राहिलो. मग ती खाली उतरली, बापाच्या शर्टाला चहाचा चोथा लागला होता तो झटकला आणि म्हणाली, "मग काय पप्पा, करा दोनशे. गणपतीला येते."

रिक्षा वळली. सुधाकर हात हलवत होता, रिक्षा दिसेनाशी झाली तरी हलवत होता. मी वाट बघत होतो की आता हा रडणार. तर वळला, आणि दिवाळीतल्या पोरासारखा चेहरा करून म्हणाला, "शंकरराव! अजून दोनशे कमी आहेत!"

आता बोला! पन्नासाचा एक, म्हणजे दोनशेला चार. म्हणून विचारतो हो, हसू नका, तुमच्यापैकी कुणाकडे उंट आहे का?