सरड्याचं ऊन

हसू नका, पण हिंजवडीत नोकरीला असताना मी घरी एक परदेशी सरडा पाळला होता. एकदा त्याने डोळे मिटले ते उघडेचना. नाकतोडा समोर धरला तरी तोंड लावेना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ऊन येतं?"

"येतं, पण स्क्रीनवर चमकतं म्हणून मी पडदे लावून काम करतो."

"वा! कॉम्प्युटरची तब्येत छान असेल."

औषध देऊन म्हणाले, "रोज सकाळी उन्हात ठेवा. शेजारी बसा, नाहीतर घार नेईल."

मग मी रोज गॅलरीत बसू लागलो. दहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले, नाकतोडा मटकावला. मी आनंदाने ओरडलोच.

रिटायर झाल्यापासून बाबा रोज तिथेच पेपर वाचत बसायचे. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे उद्यापासून तू काही इथे यायचा नाहीस."