सुई उठू दे

अरे, आमच्या बाबांचा लखनौत एक नियम होता: तापमानाची सुई मध्यावर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. थंड इंजिन झिजतं म्हणायचे. उन्हाळ्यात मलिहाबादहून आंबे आणताना गाडी उकळली, म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला. त्याच्याशिवाय थंडीत इंजिन लवकर तापत नाही, हे बाबांच्या गावीच नव्हतं.

जानेवारीत मावशीला अमौसी विमानतळावर सोडायचं होतं. सुई तळालाच.

"भावजी, विमान जाईल हो!"

"सुई उठू दे."

शेवटी आई कडाडली, "मी रिक्षा बघते!" तेव्हा कुठे बाबांनी गिअर टाकला.

आचके खात पोचलो, तर धुक्यात विमान जागेवरच उभं. बाबा खूश: "बघ, त्याचीही सुई उठली नाही!"

आता बाबा नाहीत. पण विमान लेट झालं की मावशीचा हमखास फोन येतो: "सुई उठली नाही रे अजून."