सागाच्या पानाची शाल

नाही वं पोरी, कितीही कडी वाजव, आतमंधी कोनी नाही. कुलूप म्याच लावलं, चाबी माह्याच कमरेले हाय. बस इथं ओट्यावर, पानी पे. पुन्याहून आली? एवढ्या दुरून, थेही लोकर इनाले शिकाले — आनी इकडे झरीजामनीच्या जंगलात! दाखवू नको मोबाईल, मालूम हाय मले थो व्हिडिओ. तलाव, मांगं डोंगर, बांबूची खुर्ची, अनघा मॅडम मान खाली घालून इनून राह्यली, आनी बासरी वाजून राह्यली. बासरी कोन वाजवते वं इथं? कोनी नाही. इथं वांदरं वाजवते — टिनावर. मॅडम गेली. वापस कधी येईन? थे मले काय इचारते, मी काय तिची सासू हावो? मी मैनाबाई, घर झाडनारी.

तीन वर्सं झाली असतीन. आमच्या गावच्या बाबारावनं तलावाकाठचं वावर इकलं, थे मॅडमच्या नवऱ्यानं, साकेतनं घेतलं. दोघंही कंप्युटरवाले. घर बांधलं, मातीचं! आमी जलमभर रडलो का सिमेटचं घर पायजे म्हनून, आनी ह्यायनं पुन्याहून इंजिनेर आनून मातीचं बांधलं. कायले म्हनशीन तं — शांती पायजे. सकायी शांती, दुपारी शांती. साकेत मोबाईल धरून उभा, मॅडम लोकर घेऊन बसलेली. मे मयन्यात बरं का — गोटे तापून राह्यले, कुत्रे नालीत बसून राह्यले, आनी हे बाई गरम टोपी इनून राह्यली! माही म्हैस मांगून गेली का साकेत ओरडे, मैनाताई, म्हैस हटवा. आठ दिवसानं म्हने, मैनाताई, म्हैस आना, लोकायले म्हैस आवडली. म्हशीचं काय, थे आली. ह्या साऱ्याचं नाव काय तं म्हने संथ जगनं. संथच जगाचं असन तं ये ना म्हनलं माह्यासंगं सोयाबीन निंदाले, अर्धं वावर सरता सरत नाही, त्याहून संथ काय असते? आनी सुताचं तं आनखीनच. चहूकडे पऱ्हाटी, घराघरात कापसाचे ढीग, झोपाले जागा नाही — आनी हिचं सूत येते पाकिटातून, कुरियरनं, वर बोंडाचं चित्र! म्या एक डाव पाकीट हुंगून पाह्यलं. म्हनलं बाप्पा, तू आमच्याच वावरातून गेलता ना, पाह्य कसा शहरातून सुदरून आला.

मले कसं येते? पाहून पाहून आलं, दुसरं काय. भांडे घासाले, झाडाले जात होती मी. एक दिवस वांदरानं अर्धी इनलेली शाल नेली — लोकरीचा गुंडा घेऊन चिचेवर चढलं, साऱ्या फांद्यायले लोकर लपेटली, झाडाचा नवरदेव केला जसा. मॅडम रडाले लागली. खरंखुरं रडली वं, बिना व्हिडिओची. म्या दुपारभर बसून गुता सोडवला, आनी सुटलेले टाके एकेक करून सुईवर घेतले. मॅडमनं वरून बोट फिरवलं. म्हने, "मैनाताई, किती सारखा हात आहे हो तुमचा! माझा असा कधीच पडत नाही." पडन कसा? माहा जलम कापूस येचन्यात गेला. बोंडातून कापूस असा काढाचा का काडी-कचरा लागला नाही पायजे, थे बोटं हायेत हे.

मॅडमचं काय — सुरू कराची हौस मोठी. अकरा चिजा सुरू, सरलेली एक नाही. मंग एक मले देली, मंग दोन, मंग साऱ्याच. सागाच्या पानाची शाल म्याच काढली — पान तं दारातच पडून असते, त्याच्या शिरा पाहून टाके बसवले. मंग साकेत म्हने, व्हिडिओत हात जवयून दाखवाचे हायेत. मॅडमनं स्वताची अंगठी माह्या बोटात घातली, नखायले रंग लावला, भेगायले मलम, आठ दिवस भांडे घासू नका म्हने. तशीच निंदाले गेली तं बिजलीबाई म्हने, काय वं मैना, तुले पाहाले पावने येऊन राह्यले काय? साऱ्या हसल्या. मीबी हसली. चेहरा मॅडमचा, हात माहे — हो, थोच, तुह्या मोबाईलातला. आता कायले पाहतं माह्या हाताकडे? अंगठी वापस देली म्या.

पन वाईट नव्हती. खोटं नाही सांगनार. चहा तिच्याच कपात दे मले, ओट्यावर नाही, आत खुर्चीवर. मले डेंगू झालता तं पांढरकवड्याच्या दवाखान्यात दोन दिवस बाजूले बसून होती. माही सून सुरभी नाही बसली तेवढी. म्हनून तं — म्हनून तं जास्त लागलं ना.

मागच्या जानेवारीत नागपूरले प्रदर्शन होतं. मले गाडीत नेलं. म्या नवी साडी नेसली, मले वाटलं का — काय वाटलं थे जाऊ दे. मोठ्या मोठ्या बाया आलत्या. मॅडम त्यायले सांगे, "हे सगळं मी तलावाकाठी बसून विणलंय. आणि ह्या आमच्या मैनाताई, घरकामाला मदत करतात." घरकामाले! मी पिशव्या भरत होती. मंग एक म्हातारी आली. तिनं शाल उलटी केली — खरी इननारी आधी उलटी बाजू पाहते — आनी म्हने, "पानाचं टोक कसं मिटवलंत? दाखवा ना जरा." सुया देल्या मॅडमच्या हातात. मॅडमनं माह्याकडे पाह्यलं. असं पाह्यलं वं पोरी, पुरात अडकलेलं जनावर काठावरच्या मानसाकडे पाहते तसं. एका शब्दाचं काम होतं. तीन टाके एकत्र, एक मांगं. नाहीतं म्हनाचं, मॅडमचं मनगट दुखते, द्या इकडे, मी दाखवते. झालं असतं. म्या म्हनलं, मी चहा पिऊन येते.

चहाची तलफ आलती म्हनून गेली. खरंच सांगते. — नाही. आधीच दोन डाव पेली होती मी. खांबामांगं कप धरून उभी राहून पाहत होती. एक टाका पडला, दोन पडले. मांगच्या दोन पोरी हसल्या. म्हातारीनं सावकास सुया काढून घेतल्या, म्हने, "राहू द्या बाळा." शालीची घडी करून ठेवली आनी गेली. मले वाटलं होतं, हे पाहून गोड लागन. लागलंही. चहा संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मॅडम माह्या आंगनात आली, पायात चप्पल नाही. म्हने, "मी चुकले, मैनाताई. पण तुम्ही निघून का गेलात?" म्या मान वर न करता म्हनलं, मले तं घरकामच येते, मॅडम. थे उभी राह्यली जराशी. मंग गेली. आठ दिवसात दोघायनं सामान भरलं. चाबी देतानी म्हने, लोकर सगळी तुम्ही घ्या. म्या म्हनलं, हो, मे मयन्यात टोपी घालून फिरीन मी. थेही बोलली वं मी. असं बोलाचं काय काम होतं मले?

फोन? येते ना. दर सोमवारी. मैनाताई, घर झाडलंत का? झाडलं. तलावात पाणी आहे का? हाय. मंग थे ठेवत नाही, मी ठेवत नाही. तिकडून गाड्यायचा आवाज येते, तिले इकडून वांदरायचा जात असन. एक दिवस म्हनाचं हाय मले तिले, का मॅडम, त्या दिवशी म्या —

काय? मी शिकवू? तुले? ऊठ वं पोरी, ऊठ. साडेचारची गाडी निघून जाईन, मंग उद्याशिवाय नाही. गिलास राहू दे तिथंच. आनी कोनी इचारलं तं सांग, घराले कुलूप होतं, कोनी भेटलं नाही. जाय.