बिनागुळाची कवठाची चटणी

चटणीचं नाव काढलं तुम्ही, म्हणून सांगतो. माझी बायको मंदा वारली, त्यानंतर पहिल्यांदाच सासूबाई राळेगावहून आल्या. मी मंदासारखी कवठाची चटणी केली अन् भाकरीसोबत वाढली. एक घास खाऊन त्या थांबल्या.

“जावईबापू, गूळ टाकाचा राह्यला का जी?”

“नाही आई, मंदा असीच करे. बिनागुळाची.”

“मंदा? तिले तर गुळाबिगर कवठ उतरतच नव्हतं. लहानपणी गूळ कमी पडला का ताटावरून उठून जाय.”

मी म्हटलं, “मले शुगर आहे ना, आई. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून.”

बावीस वर्षं मंदा माझ्यासमोर बसून हीच चटणी खात होती गड्यांनो, अन् मले वाटे, तिले आंबटच आवडते.